मोठ्या फिश टँकचं पाणी लवकर कसं बदलावं?

बादल्यांऐवजी नळी, पिंप आणि छोटा पंप. पण क्लोरीन आणि तापमानाच्या बाबतीत घाई नको

बेळगाव : पाच-सहा फुटांचा फिश टँक हॉलमध्ये आला की पहिले दोन महिने घरातले सगळेच त्याच्याभोवती असतात. रविवारी पाणी बदलायचं म्हटलं की मदतीला दोन-तीन जण धावतात. पुढे बादल्या वाहणारा एकटाच उरतो. एक रविवार पाहुण्यांमुळे जातो, दुसरा पाठदुखीमुळे. महिना-दीड महिना पाणी तसंच राहतं आणि मग एके दिवशी जोर करून अर्ध्याहून जास्त पाणी एकदम बदललं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी मासे पाण्यावर तरंगताना दिसतात.

"पाणी बदललं आणि मासे मेले" ही तक्रार मासे पाळणाऱ्यांमध्ये नेहमीची आहे. दोष नळाच्या पाण्याला किंवा मासे विकणाऱ्या दुकानदाराला दिला जातो. कधी तो खराही असतो. पण अनेकदा मूळ कारण आधीच्या लांबलेल्या दीड महिन्यात आणि शेवटी घाईने केलेल्या मोठ्या बदलात असतं. म्हणूनच मोठ्या टँकचं काम लवकर उरकणं ही चैनीची गोष्ट नाही. अर्ध्या तासाचं काम दर आठवड्याला होतं, दोन तासांचं काम पुढे ढकललं जातं.

फिल्टर असताना पाणी का बदलायचं?

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खडीत वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया आणि नायट्राइट माशांना फार घातक. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण ते साचत जातं. साधा फिल्टर ते काढू शकत नाही. काही भाग पाणवनस्पती वापरतात, बाकीचं पाणी बदलूनच बाहेर जातं. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी वरून भरणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. उडून जातं ते फक्त पाणी, क्षार आणि नायट्रेट खालीच राहतात.

याचा जमाखर्च सोपा आहे. समजा एका टँकमध्ये आठवड्याला लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट जमा होतं आणि नव्या पाण्यात ते अजिबात नाही. दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदललं, तर नायट्रेट ३० वर चढून २० वर उतरत राहतं. पाचवा हिस्सा बदलला तर ते ५० आणि ४० च्या दरम्यान राहतं. महिन्यातून एकदाच अर्धं पाणी बदललं तर ते ८० पर्यंत चढतं आणि एका दिवसात ४० वर येतं. दर आठवड्याला फक्त दहावा हिस्सा बदलला, तर काही महिन्यांत ते १०० पर्यंत पोहोचतं. मासे पाळणारे साधारणपणे ४० च्या आत राहण्याचा प्रयत्न करतात. पण माशांना मोठ्या आकड्याइतकाच अचानक होणारा बदलही सोसत नाही.

बराच काळ पाणी न बदललेल्या टँकमध्ये आणखी एक धोका असतो. जिवाणूंच्या कामामुळे पाणी हळूहळू आम्लधर्मी होतं. अशा पाण्यात अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात, म्हणजे अमोनियमच्या रूपात राहतो. त्यात एकदम भरपूर ताजं, अल्कधर्मी पाणी ओतलं की तोच अमोनिया विषारी रूपात परततो. त्यामुळे दुर्लक्ष झालेल्या टँकचं पाणी एकदम अर्धं बदलू नये. एक दिवसाआड १० ते १५ टक्के बदलत पूर्ववत आणावं.

बादल्यांचा हिशेब

६ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच टँक घेऊ. सेंटिमीटरमध्ये १८० × ६० × ६०, म्हणजे काठोकाठ ६४८ लिटर. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करून साधारण ६०० लिटर पाणी धरायला हरकत नाही. या टँकमध्ये पाण्याची पातळी १ सेंटिमीटरने उतरली म्हणजे सुमारे ११ लिटर पाणी गेलं. १८ सेंटिमीटर उतरली की १९४ लिटर, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा.

बादली १५ लिटरची असली तरी घरातून नेताना ती १२ लिटरच भरावी लागते, नाहीतर फरशीवर सांडते. १९४ लिटरला १६ बादल्या बाहेर आणि १६ आत. एका फेरीला दीड मिनिट धरलं तरी ४८ मिनिटं होतात. शिवाय फरशी पुसणं वेगळं, आणि आत येणारी प्रत्येक बादली खांद्याएवढ्या उंचीवर उचलून ओतायची. वेळ आणि पाठ दोन्ही जातात ते या वाहतुकीत. वाहतूक थांबली की काम निम्म्याहून कमी होतं.

पाणी काढताना : जाड नळी, कमी लांबी

मोरीचा किंवा अंगणाचा उतार टँकपेक्षा खाली असेल, तर विजेशिवाय सायफनने पाणी काढता येतं. वेग तीन गोष्टींवर ठरतो : नळीची जाडी, तिची लांबी, आणि टँकमधल्या पाण्याची पातळी व नळीचं बाहेरचं टोक यांच्यातला उंचीचा फरक.

यात जाडीला सर्वांत जास्त महत्त्व आहे. अर्धा इंची नळीपेक्षा पाऊण इंची नळीचं तोंड सव्वादोन पट मोठं असतं, आणि एक इंचीचं चौपट. बारीक नळीत पाणी कडांना घासून जास्त अडतं, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक चारपटीहूनही मोठा पडतो. अर्धा इंची नळीने १९४ लिटर काढायला वीस मिनिटांच्या वर लागत असतील, तर एक इंची नळीने तेच काम पाचेक मिनिटांत होऊ शकतं. घरच्या नळीचा वेग मोजणं अवघड नाही. १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून बघावं.

नळी गरजेपेक्षा लांब नको आणि मध्ये कुठे दुमडलेली नको. बाहेरचं टोक जितकं खाली तितका वेग जास्त. तोंडाने ओढून सायफन सुरू करू नये, ते पाणी पोटात जातं. नळी नळाच्या पाण्याने भरून, बाहेरचं टोक अंगठ्याने बंद ठेवून आतलं टोक टँकमध्ये बुडवावं आणि मग अंगठा सोडावा.

जाड नळी छोट्या माशांनाही ओढून घेते. आतल्या टोकाला जाळी किंवा भोकांचा स्पंज बांधणं आवश्यक. खडी साफ करायची असेल तर रुंद तोंडाची खडी साफ करायची नळी वेगळी लावावी. दर आठवड्याला सगळी खडी उपसू नये. एका वेळी तिसरा किंवा चौथा हिस्सा पुरे.

सगळ्यात उपयोगी युक्ती पातळीची. नळीचं आतलं टोक तळापर्यंत न सोडता, पाणी जिथपर्यंत उतरवायचं तिथेच काचेला क्लिपने अडकवावं. पातळी तिथे आली की नळीत हवा शिरते आणि सायफन आपोआप थांबतो. फोन आला, दारावर कोणी आलं, तरी टँक रिकामा होत नाही. काचेवर बाहेरून चिकटपट्टीची खूण केली की दर वेळी मोजावंही लागत नाही.

पाणी भरताना : पिंप आणि पंप

काढण्यापेक्षा भरणं कटकटीचं, कारण पाणी वर चढवायचं असतं आणि ते आधी तयारही करायचं असतं. त्यासाठी सोपी सोय म्हणजे २०० लिटरचं स्वच्छ प्लास्टिकचं पिंप. ते आदल्या दिवशी भरून ठेवायचं. पाण्यात बुडवायचा छोटा पंप आणि नळी लावली की दुसऱ्या दिवशी पाणी थेट टँकमध्ये जातं. पिंप खाद्यपदार्थाचं असावं. रसायन, रंग किंवा साबण भरलेलं पिंप कितीही धुतलं तरी वापरू नये. भरलेलं पिंप दोनशे किलोंच्या वर जातं, त्यामुळे कमकुवत गॅलरीत किंवा मांडणीवर ते ठेवू नये.

पंप घेताना बरेच जण फक्त तासाला किती लिटर तेवढंच वाचतात. शेजारी 'एच-मॅक्स' लिहिलेलं असतं, ते त्याहून महत्त्वाचं. त्या उंचीला पंपाचा प्रवाह शून्य होतो. एच-मॅक्स १.८ मीटर असेल आणि टँकचा काठ पिंपाच्या पाण्यापासून दीड मीटर वर असेल, तर 'तासाला हजार लिटर' लिहिलेला पंपसुद्धा बारीक धारच सोडेल. पाणी जितकं चढवायचं त्याच्या निदान दुप्पट एच-मॅक्स असलेला पंप घ्यावा. मिनिटाला १५ लिटर मिळाले तरी १९४ लिटर तेरा मिनिटांत भरतात, आणि तेवढा वेळ नुसतं लक्ष ठेवायचं असतं.

भरताना नळीचं टोक टँकच्या पाण्यात बुडवून ठेवू नये. पंप बंद झाला की उलटा सायफन सुरू होऊन टँकचं पाणी परत पिंपात येतं, आणि पिंप भरलं की हॉलभर पसरतं. टोक पाण्याच्या वर ठेवावं आणि धार एखाद्या बशीवर किंवा दगडावर पाडावी, म्हणजे खडी उसळत नाही आणि पाण्यात हवाही मिसळते.

क्लोरीन : इथे घाई नको

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असायला हवा. माणसाला तो सुरक्षित, पण माशांच्या कल्ल्यांना त्याहून कितीतरी कमी क्लोरीनही इजा करतो. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की क्लोरीनचं प्रमाण वाढवलं जातं. म्हणून उन्हाळ्यात चाललेली पद्धत जुलैमध्ये अंगाशी येऊ शकते.

दोन मार्ग आहेत. पहिला, पाणी उघड्या पिंपात २४ तास ठेवून त्यात एअर पंपचा दगड सोडणं. क्लोरीन उडून जातो, शिवाय पाणी खोलीच्या तापमानाला येतं. दुसरा, सोडियम थायोसल्फेट. मत्स्यालयाच्या दुकानात 'अँटी-क्लोरीन' म्हणून मिळतात ते खडे बहुधा हेच असतात. १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम थायोसल्फेट लागतं. पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन धरला, तर २०० लिटरच्या पिंपाला १,४०० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम पुरे. तयार द्रावण असेल तर बाटलीवरचं प्रमाण पाळावं.

नळाचं पाणी थेट टँकमध्ये सोडायचं असेल, तर औषध पाणी सोडण्याआधी टाकायचं, आणि नव्या पाण्यापुरतं नव्हे तर पूर्ण टँकच्या हिशेबाने. ६०० लिटरला ते सुमारे ४.२ ग्रॅम होतं. पाणी भरून झाल्यावर औषध टाकलं तर तोवर कल्ल्यांना व्हायची इजा होऊन गेलेली असते.

फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुऊ नये, कारण क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. टँकमधून काढलेलं पाणी बादलीभर बाजूला ठेवावं आणि स्पंज त्यातच हलके पिळून घ्यावा.

ज्या गावचं पाणी, त्या गावची रीत

बेळगावला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, शिवाय अनेक घरांत विहीर किंवा बोअर आहे. इंदूरला नर्मदेचं, ग्वाल्हेरला तिघरा धरणाचं, बडोद्याला आजवा आणि महीचं, तर हैदराबादला कृष्णा, गोदावरी आणि मांजरा यांचं पाणी मिळतं. गोव्यात जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी सहसा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. दख्खनच्या पठारावरच्या बोअरचं अनेकदा जड. त्यामुळे दुसऱ्या गावच्या मित्राची पद्धत जशीच्या तशी उचलून चालत नाही.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो म्हणून ते थेट सोडावं, हाही गैरसमज आहे. जमिनीखालून आलेल्या ताज्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. तेही काही तास हवा देऊनच वापरावं. एका आठवड्याला नळाचं आणि दुसऱ्या आठवड्याला बोअरचं, असंही करू नये. मासे जड पाण्याला किंवा मऊ पाण्याला सरावतात, रोजच्या बदलाला नाही.

तापमानाचं गणित

डिसेंबरच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १८ अंशांवर असेल आणि टँक २६ वर, तर १९४ लिटर नवं पाणी घातल्यावर ६०० लिटरचं तापमान सुमारे २३.४ वर येतं. अडीच अंशांची ही घसरण नाजूक माशांना जड जाते. अर्धं पाणी बदललं तर थेट २२. एप्रिलच्या दुपारी उलटं होतं, गच्चीवरची काळी टाकी तापलेली असते. फरक एक-दोन अंशांच्या आत ठेवावा. घरात भरून ठेवलेल्या पिंपाचा फायदा इथेही होतो. थंडीत पिंपात हीटर सोडून पाणी आधीच कोमट करता येतं, मात्र पिंपात हात घालण्याआधी तो बंद करावा.

वीज आधी बंद

पाणी काढण्याआधी हीटर, फिल्टर आणि टँकमधले पंप यांचे प्लग काढावेत. काचेचा तापलेला हीटर पाण्याबाहेर उघडा पडला आणि वर गार पाणी आलं की तडकतो, आणि त्यातून पाण्यात वीज उतरू शकते. फिल्टर कोरडा फिरला तर मोटर जळते. पंप चालू असताना टँकमध्ये किंवा पिंपात हात घालू नये. वायर बोर्डाकडे जाताना खाली झोळ घेऊन मग वर जावी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न शिरता खाली ठिबकतं. टँकच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असणं उत्तम.

पातळी उतरली की मोठे मासे बिथरतात. अरोवानासारखे मासे उडी मारतात. नळीपुरती फट ठेवून बाकी झाकण लावलेलं असावं.

कायमची नळजोडणी

दोन-तीन मोठे टँक असतील तर पक्की जोडणी परवडते. टँकच्या मागच्या काचेला वरच्या बाजूला भोक पाडून टँक कनेक्टर बसवायचा आणि पीव्हीसी पाइप मोरीपर्यंत न्यायचा. नवं पाणी आलं की तितकंच जुनं वरून वाहून जातं. भोक टँक भरण्याआधी, काच कापणाऱ्या माहितगार कारागिराकडूनच पाडून घ्यावं. टफन्ड काचेला भोक पाडता येत नाही, ती फुटते.

यावर काही जण थेंब पद्धत बसवतात. दिवसाला २८ लिटर पाणी बारीक धारेने सतत आत, तितकंच बाहेर. आठवड्याला होतात १९६ लिटर. मात्र नव्या पाण्यातलं थोडं लगेच जुन्याबरोबर वाहून जातं, त्यामुळे एकदम बदलून ३२-३३ टक्के जुनं पाणी निघतं तिथे या पद्धतीत सुमारे २८ टक्के निघतं. बदल्यात माशांना बदल जाणवतही नाही. नळाचं पाणी असेल तर वाटेत कार्बन फिल्टर हवा आणि तो वेळेवर बदलायला हवा. कार्बन संपल्याचं डोळ्यांना दिसत नाही.

पाण्याची टंचाई आणि काढलेलं पाणी

जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे दर आठवड्याला दोनशे लिटर ही चैन वाटू शकते. ती अडचण खरी आहे. ६०० लिटरच्या टँकला दर आठवड्याला तिसरा हिस्सा म्हणजे चार आठवड्यांत ८०० लिटर, पाचवा हिस्सा म्हणजे ४८० लिटर. तेवढंही जमणार नसेल तर मासे कमी ठेवणं आणि खाद्य आवरणं हाच मार्ग. नायट्रेट शेवटी खाद्यातूनच येतं.

काढलेलं पाणी गटारात सोडायची गरज नाही. त्यातलं नायट्रेट झाडांना खतच. सायफनची नळी थेट नारळाच्या आळ्यात किंवा कढीपत्त्याच्या बुंध्याशी सोडली तर मोरीपर्यंत न्यायचाही प्रश्न नाही. मात्र टँकमध्ये मीठ किंवा औषध टाकलेलं असेल, तर ते पाणी झाडांना घालू नये.

थोडक्यात क्रम

आदल्या दिवशी पिंप भरून हवा सुरू करावी. सकाळी तापमान बघावं आणि प्लग काढावेत. नळी खुणेला अडकवून पाणी काढावं, तेवढ्या वेळात काच पुसून घ्यावी आणि स्पंज काढलेल्या पाण्यात पिळावा. पिंपातलं पाणी पंपाने भरावं. पातळी पूर्ण झाल्यावरच फिल्टर आणि हीटर सुरू करावेत. नंतर अर्धा तास मासे बघावेत. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले किंवा कल्ले जोरात हलू लागले, तर लगेच हवा वाढवावी आणि अँटी-क्लोरीन टाकावं.

एवढं काम अर्ध्या-पाऊण तासात होतं. बादली लागतेच, पण फक्त स्पंज धुवायला.